केसभर

रविवारच्या उपासनेत साहेब साक्ष द्यायला उभा राहिला, तेव्हा ती पुढचं गीत शोधत पुस्तकाची पानं उलटत होती. तिने मान वर केली ती त्याच्या आवाजामुळे. शब्द ओले आणि चिरडलेले येत होते, तोंडात कापूस कोंबून बोलल्यासारखे. साहेबाचे सगळे दात काढले होते. ओठ आत गेले होते, हनुवटी नाकाला भेटायला निघाली होती, आणि त्या पोकळ तोंडाने तो सांगत होता की मी आयुष्यात एक फार मोठं पाप केलं, तीस वर्षं ते छातीवर घेऊन फिरलो, शेवटी गुडघे टेकले आणि देवाने मला क्षमा केली. पुढच्या बाकांवर बायका डोळे पुसत होत्या. पाळकांनी वेदीवरून खाली येऊन त्याला मिठी मारली. पाप कुठलं, त्यात कुणाचं काय गेलं, हे कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. सगळं कसं आटोपशीर झालं. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिला वाटलं, उठावं आणि भर सभेत एकच शब्द विचारावा : परस्पर? ज्या घरावरून नांगर फिरवला त्या घरात मागे कुणी उरलं आहे का, एवढीसुद्धा चौकशी न करता, परस्पर क्षमा? पण ती उठली नाही. सगळ्यांबरोबर उभी राहून तिने गीत म्हटलं, आणि घरी जाताना आख्ख्या रस्त्यात तिला आपण कुठलं गीत म्हटलं ते आठवेना.

सगळे त्याला साहेब म्हणायचे आणि तोंडावर तीही म्हणाली असती. पण तिच्या मनात तो कायम एकेरीतच राहिला होता. बाबा ज्या चार मजली गोदामात लिफ्टचे मिस्त्री होते, तिथला तो सुपरवायझर. बाबा दर शनिवारी माल चढवणाऱ्या लिफ्टचे दोर तपासायचे, बोटांनी चाचपून, आणि मग तपासणीच्या वहीत निळ्या शाईने लिहायचे. दोराच्या तारा तुटल्या आहेत, दोर बदलावा, असं त्यांनी ओळीने तीन शनिवार लिहिलं होतं. घरी जेवताना ते आईला तसं बोललेही होते. साहेब बघतो म्हणालेत, एवढंच. चौथ्या आठवड्यात लिफ्ट दोन हमालांसकट वरून खाली आली. चौकशीत वही निघाली, तर त्या तीन शनिवारांचं पानच नव्हतं. साहेबाने कोर्टात पवित्र शास्त्रावर हात ठेवून सांगितलं की मिस्त्रीने असलं काही कधी लिहिलंच नाही. तीही साक्षच होती. बाबांना दोन वर्षांची शिक्षा झाली. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. महिन्यातून एकदा आई तिला घेऊन जायची, आणि जाळीपलीकडून बाबा तिची शाळेची वही मागून घ्यायचे, पानं उलटायचे, म्हणायचे, अक्षर सुधारतंय हं. सुटून आल्यावर ते चर्चमध्ये अगदी शेवटच्या बाकावर बसायला लागले. पुढे बसू नका असं त्यांना कुणी म्हणालं नव्हतं. फक्त ते बसले की शेजारची माणसं जरा सरकून घ्यायची. सहा वर्षांनी ते गेले. कशाने, हे डॉक्टरांना नीट सांगता आलं नाही, आणि आईने विचारलंही नाही. साहेबाची तोवर दुसऱ्या गावी बदली झाली होती, बढतीवर. तो परतला गेल्या वर्षी, म्हातारा होऊन, बायको गेल्यावर, आणि येताक्षणी दुसऱ्या रांगेतली आपली जुनी जागा धरून बसला. बेचाळीस वर्षांच्या या बाईत त्याला ती अकरा वर्षांची पोर दिसण्याचं काही कारणच नव्हतं.

बुधवारी सकाळी त्याच्या जबड्याचं माप तिच्या टेबलावर आलं. ती ज्या दवाखान्यात काम करायची तिथे पुढच्या खोलीत डॉक्टर दात काढायचे आणि मागच्या खोलीत ती दात बनवायची; गेली वीस वर्षं. डॉक्टर माप घ्यायचे, ती त्यात प्लास्टर ओतायची, पांढऱ्या साच्यावर मेणात एकेक दात बसवायची, आणि शेवटी मेणाच्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरून कवळी घासूनपुसून चकचकीत करायची. ताईंच्या कवळीला दुसऱ्यांदा हात लावावा लागत नाही, असं डॉक्टर कौतुकाने सांगायचे. चिठ्ठीवर साहेबाचं नाव होतं. तिने प्लास्टर ओतलं, आणि साचा सुकल्यावर तो उचलून उजेडात धरला. हिरडीची ती गुळगुळीत कड, तिच्यावरच्या बारीक सुरकुत्या, जीभ जिथे टेकते तो उतार. या तोंडाने, तिच्या मनात आलं, याच तोंडाने. आणि मग तिला आपल्या धंद्यातली एक साधी गोष्ट आठवली. साच्यावर एखाद्या जागी केसभर खरवडलं, तर कवळीत त्या जागी केसभर उंचवटा येतो. डोळ्यांना दिसत नाही, बोटालाही मुश्किलीने लागतो. हिरडीला मात्र लागतो. हिरडी काही विसरत नाही. तिने खिडकीचा पडदा सारखा केला, लहान पातं घेतलं, आणि खालच्या जबड्याच्या साच्यावर डावीकडे, हिरडीची कड जिथे सगळ्यात पातळ असते तिथे, दोनदा हलक्या हाताने फिरवलं. पांढरी पूड टेबलावर पडली. तिने फुंकर मारली. हात जरासुद्धा थरथरला नाही, याचं तिला नवल वाटलं. मग नवलही वाटेनासं झालं आणि तिने चहा मागवला.

कवळी बसवल्यावर आठ दिवसांत साहेब परत आला. डॉक्टरांनी त्याला मागच्या खोलीत पाठवलं. ताई जरा बघून देतील, म्हणाले, तुम्हाला कवळी नवीन आहे, हिरडी बसायला वेळ लागतो. तो तिच्या स्टुलावर बसला आणि त्याने तोंड उघडलं. तिने आरशाने जीभ बाजूला सारली. तिथे होती ती : डाळीच्या दाण्याएवढी पांढरी जखम, भोवती लाल कडा. आपण घडवलेली एखादी वस्तू पहिल्यांदा दुकानाच्या काचेत बघावी तसं तिने तिच्याकडे बघितलं. मग तिने कवळी धुतली, यंत्रावर धरली, उंचवट्याच्या शेजारची जागा घासली, उंचवटा तसाच ठेवला, आणि पॉलिश करून ती त्याच्या हातात दिली. दर दोन आठवड्यांनी हेच चाललं. ती घरी आली की आई विचारायची, आज काय स्वारी खुशीत? आणि ती म्हणायची, काही नाही, काम जास्त होतं. खरंतर तिचं कामात लक्ष नसायचं. दुपारी जेवताना ती पहिला घास तोंडात घ्यायची आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला तो आता पहिला घास घेत असेल, असा विचार करायची. तो डावीकडे चावेल, थांबेल, डोळे मिटेल, घास उजवीकडे ढकलेल. तिला चव यायची. रविवारी ती त्याच्या मानेकडे बघत बसायची. प्रार्थनेत इतरांना क्षमा करण्याची ओळ आली की ती तशीही तोंड मिटून घ्यायची, बाबा गेल्यापासून. पण आता त्या मिटलेल्या ओठांत तिला एक गोडवा लागायचा. देवा, तू वरून सोडलंस ना, मनातल्या मनात ती म्हणायची, मी खालून धरलंय.

हे असं किती दिवस चाललं असतं कुणास ठाऊक. पण दहाव्या आठवड्यात साहेबानेच त्यात माती कालवली. डॉक्टर जेवायला गेले होते. तो स्टुलावर बसून कवळी रुमालात धरून होता, आणि ती यंत्राची चाकं बदलत होती, तेव्हा तो बोलायला लागला. तो म्हणाला, ताई, तुम्ही इतके कष्ट घेता, पण ही जागा काही दुखायची थांबत नाही. आणि खरं सांगू, मी आता ते मनाला लावून घेत नाही. माझ्या हातून पूर्वी एका माणसाचं वाईट झालं. देवाने मला माफ केलं, पण मी विसरू नये म्हणून त्यानेच ही खूण माझ्या तोंडात ठेवली आहे. प्रत्येक घासाला मी त्याचे आभार मानतो. हे त्याने इतक्या नम्रपणे, इतक्या समाधानाने सांगितलं की तिच्या हातातलं चाक टेबलाखाली गडगडत गेलं. ती वाकली नाही. दहा आठवडे. दहा आठवडे तिने जे रचलं होतं ते या माणसाने उचलून सरळ देवाच्या खात्यावर टाकलं होतं, आणि त्यावर बसून तो संत होत चालला होता. बाबांचं नाव, बाबांचं पान, आणि आता तिने दिलेलं दुखणंसुद्धा. जे जे आमचं, ते ते त्याचं. तिला पश्चात्ताप वगैरे काही झाला नव्हता. तिला फक्त आपली वस्तू परत हवी होती.

"ती खूण देवाने ठेवली नाही," ती म्हणाली. "मी ठेवली."

त्याला कळलं नाही. तेव्हा तिने त्याच्या हातातून कवळी घेतली, त्याचं बोट धरलं आणि त्या जागेवरून फिरवलं. साचा कसा खरवडला, पातं कुठलं, दर खेपेला शेजारची जागा कशी घासली, सगळं क्रमाने सांगितलं, नवीन माणसाला काम समजावून द्यावं तसं. मग आपण कुणाची मुलगी ते सांगितलं. साहेबाचं बोट अजून कवळीवरच होतं. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग गळ्यापासून वर चढत लाल झाला, आणि ती नम्रता, ते समाधान, सगळं एका दमात उतरून गेलं. दहा आठवडे, तो म्हणाला. दहा आठवडे मी सगळं पातळ करून गिळतोय. रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात असं काही ठेवायला तुला लाज नाही वाटली? तो अहोजाहोवरून अगंतुगंवर आला होता. तिला बरं वाटलं. हा माणूस तिच्या ओळखीचा होता.

"तुम्हाला वाटली होती?" तिने विचारलं.

"हे मला माफ करता येणार नाही."

"नका करू. मी देवाकडे मागते. तो देतो म्हणे परस्पर."

मग साहेब तिच्याकडे न बघता टेबलाकडे बघत बोलला, आणि या खेपेला आवाजात साक्षीचा सूर नव्हता. ते पान मी फाडलं नव्हतं, तो म्हणाला. फाडलं असतं तर शिवणीत धागा सुटला असता, कळलं असतं. मी ते ब्लेडने कापलं. खिडकी लावून घेतली, वही सपाट ठेवली आणि दोनदा ब्लेड फिरवलं, अगदी शिवणीलगत. हात जरासुद्धा थरथरला नाही. तुझ्या बापाचं अक्षर सुरेख होतं; कापताना ते माझ्या लक्षात आलं होतं. एवढं बोलून तो उठला, कवळी टेबलावर तशीच ठेवली आणि भिंतीला हात लावत निघून गेला. ती उभीच. टेबलावर पॉलिशची पूड होती, आणि तिच्या शेजारी लहान पातं. ते तिथे रोजच असायचं. ती ते उचलायला गेली आणि तिने हात मागे घेतला.

घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं आई रडेल, किंवा निदान तिच्या डोक्यावरून हात फिरवेल; तीस वर्षांनी कुणीतरी त्या माणसाला हात दाखवला होता. आई भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, एकदा मध्येच चष्मा पुसला. पान ब्लेडने कापलं होतं हे ऐकल्यावर तिचे हात थांबले. ती म्हणाली, म्हणजे त्यांनी लिहिलं होतं. मला माहीतच होतं, पण कुणी तोंडाने म्हणालं नव्हतं. मग थोड्या वेळाने तिने विचारलं, आणि तो आता जेवतो कशाने? तुला राग येत नाही का, तिने आईवरच आवाज चढवला, तुला कधीच कसा आला नाही? आई म्हणाली, आला की. वर्षानुवर्षं आला. मग माझी मान धरायला लागली. एवढं ओझं डोक्यावर घेऊन बाजारहाट होत नाही गं. पण ते माझं झालं. तू तुझं बघ. आणि परत भाजीकडे वळत म्हणाली, ती कवळी तुझ्या टेबलावर आहे का अजून?

त्या रात्री तिला झोप लागली, आणि पहाटे जाग आली तेव्हा एक गोष्ट अगदी स्वच्छ समोर उभी होती. आपण काल कबुली दिली. सूड म्हणून गेलो होतो, त्याच्या तोंडावर फेकून मारायला, पण जे फेकलं ते नेमकं तेच होतं जे माणसं गुडघे टेकून देतात. मी केलं, असं असं केलं, जाणूनबुजून केलं. तिला संताप आला. कुणीतरी आपल्याला बोलण्यात गुंतवून दुसऱ्याच दारात आणून सोडल्यासारखं तिला वाटलं. त्या दारात साहेबही उभा होता. ज्या खिडकीतून त्याला तिची परवानगी न घेता क्षमा मिळाली होती, त्याच खिडकीतून तिलाही मागावी लागणार होती, त्याची परवानगी न घेता; आणि खिडकीपलीकडे जो कोण होता त्याला कुणाचा नंबर आधी याचं काही सोयरसुतक नव्हतं. तिने डोळे मिटून काही म्हणून पाहिलं. शब्द आले ते लहानपणी ती आईला म्हणायची तसे, तक्रारीचे. मी सुरू नव्हतं केलं. पण मी केलं. एवढ्यावर ती थांबली. पुढचं काही येईना.

सकाळी तिने डॉक्टरांना सांगितलं. ते हातमोजे घालत होते. एक हात घातलेला, एक मोकळा, तसेच ते खुर्चीवर बसले. त्यांनी तिला काढलं नाही. त्यांनी एवढंच म्हटलं की वीस वर्षं मी तुमचं काम डोळे मिटून लोकांच्या तोंडात घातलं, ताई. त्या दिवसापासून ते तिची प्रत्येक कवळी भिंग लावून तपासायला लागले, आतून, बाहेरून, काही न बोलता. ती शेजारी उभी राहायची.

त्या रविवारी साहेब पुन्हा उभा राहिला. पाळकांनी हसून मान डोलावली. एवढ्यात पुन्हा साक्ष, म्हणजे काहीतरी गोड असणार. या खेपेला त्याने देवाचं नाव घेतलं नाही. पुढच्या बाकाची कड धरून, त्या पोकळ तोंडाने, शब्द नीट कळावेत म्हणून दोन-दोनदा उच्चारत त्याने सांगितलं की अमुक गोदामात तीस वर्षांपूर्वी लिफ्ट पडून दोन हमाल मेले, तो दोष मिस्त्रीचा नव्हता. त्याने तीनदा लिहून दिलं होतं. दोर बदलायला माल दोन दिवस थांबवावा लागला असता, म्हणून मी ते दाबलं. नंतर पान कापलं आणि शास्त्रावर हात ठेवून खोटं बोललो. तो मिस्त्री इथेच शेवटच्या बाकावर बसायचा. त्याच्या शेजारून तुम्ही सरकायचात. मला बढती मिळाली. एवढं बोलून तो बसला. कुणी डोळे पुसले नाहीत. कुणीतरी खाकरलं. पहिल्या वेळी त्याला मिठी मारणारे पाळक वेदीवरच उभे राहिले, आणि मग त्यांनी घाईघाईने पुढचं गीत लावून दिलं. त्याच्या बाकावरची दोन माणसं बसल्या जागी जरा सरकली.

हेच तर हवं होतं. तिने तीस वर्षं मनात लावून ठेवलेली सभा ही, असंच तोंड, अशीच शांतता. तिने वाट बघितली, आत कुठेतरी काही उजळेल म्हणून. आईने शेजारी डोकं खाली घातलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. तिला मात्र त्या सरकलेल्या दोन माणसांचा इतका राग आला की तिचे दात एकमेकांवर घासले. तेव्हाही तुम्हीच, तिच्या मनात आलं, आत्ताही तुम्हीच. माणूस फक्त बदलता.

उपासना संपल्यावर साहेब आवारातल्या भिंतीपाशी एकटाच उभा होता, चष्मा शोधत असल्यासारखा खिसे चाचपत. लोक त्याला वळसा घालून फाटकाकडे जात होते. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आपण काय बोलणार हे तिला माहीत नव्हतं.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"मीही तुला नाही," तो म्हणाला. "काल रात्री प्रयत्न केला. जमलं नाही."

मग ती म्हणाली, उद्या दहाला या. नव्याने माप घेऊ. जुन्या साच्यावर काम करण्यात अर्थ नाही.

"कवळी तू करणार?"

"मीच करणार. डॉक्टर भिंग लावून बघतात हल्ली."

त्याने भिंतीला टेकवलेला हात काढला, बघितला, धूळ झटकली. बरं, म्हणाला.

सोमवारी साहेब दहाला पाच कमी असताना आले. डॉक्टरांनी जखम बघितली, औषध लावलं, आणि आठ दिवस थांबून मगच माप घ्यायचं ठरलं. त्या आठ दिवसांत आई रोज सकाळी डबाभर मऊ काहीतरी करून तिच्या हाती द्यायची, कुणासाठी ते न सांगता, आणि ती तो जाता जाता साहेबांच्या दारात ठेवून पुढे जायची. पुढच्या सोमवारी ते खुर्चीत बसले. डॉक्टरांनी मापाचा ट्रे भरून त्यांच्या तोंडात बसवला, आणि हात धुवायला वळताना तिला म्हणाले, धरा, तीन मिनिटं हलू देऊ नका. तिने एक हात साहेबांच्या हनुवटीखाली घेतला, दोन बोटं आत ट्रेवर टेकवली. त्यांचा जबडा तिच्या तळव्यात होता. हाड हलकं होतं, आणि दाढीची खुंटं राहून गेली होती. त्यांनी डोळे मिटले नव्हते. ते तिच्याकडे बघत होते, तोंड भरलेलं, बोलायची सोय नाही. नळाचं पाणी वाहत होतं. तिला वाटलं, आत्ता म्हटलं तर यांना उत्तर देता येणार नाही, हो नाही आणि नाहीही नाही.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

साहेबांनी गिळलं. तिच्या तळव्याला ते जाणवलं. दोन मिनिटं अजून बाकी होती, आणि ती हात न हलवता उभी राहिली.